बियाफ्राच्या झेंड्यावरचा सूर्य नक्की कोणाचा?

माळरान:
लाल, काळा, हिरवा असे तीन आडवे पट्टे आणि मधल्या काळ्यावर उगवता सोनेरी सूर्य. ३० मे १९६७ ला नायजेरियाच्या पूर्व भागाचे लष्करी गव्हर्नर ओजुक्वूंनी नायजेरियातून फुटून बियाफ्रा हा वेगळा देश जाहीर केला, त्याचा हा झेंडा. रंग कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्वींच्या १९२० च्या ध्वजातले. पण इथे लाल म्हणजे १९६६ मध्ये उत्तर नायजेरियात कापल्या गेलेल्या इग्बोंचं, म्हणजे पूर्व भागातल्या बहुसंख्य समाजाचं रक्त आणि काळा त्यांचा शोक. जानेवारी १९७० मध्ये बियाफ्रा शरण गेला. युद्धात आणि उपासमारीत किमान पाच लाख माणसं गेली, काही अंदाज तीस लाखांपर्यंत जातात. इतक्या मृतांची आठवण ज्या कापडात आहे, ते फडकवणाऱ्याला तुरुंगात टाकणं मला अमानुष वाटतं.

उत्तरा:
शोक मान्य, सूर्य नाही. त्याचे अकरा किरण म्हणजे पूर्व भागातले अकरा प्रांत. तिथे इजॉ, इबिबिओ, एफिक, ओगोनी हे बिगर-इग्बो समाजही राहत होते, त्यांना कोणी विचारलं? इजॉ नेता इसाक बोरोने फेब्रुवारी १९६६ मध्येच इजॉंसाठी नायजर डेल्टा प्रजासत्ताक पुकारलं होतं, बारा दिवस टिकलं. पुढे तो बियाफ्राविरुद्ध लढत मेला. तेल त्यांच्या जमिनीखाली आणि किरण तुमच्या झेंड्यावर, हे कसलं स्वातंत्र्य?

माळरान:
बोरोचा मुद्दा खरा आहे. पण नायजेरियाचे लष्करी प्रमुख गोवॉननी २७ मे १९६७ ला पूर्व भागाचे तीन तुकडे केले, ते या लोकांच्या प्रेमापोटी? तेल इग्बोंच्या हातून काढायचं होतं.

उत्तरा:
हेतू काहीही असो, त्यांना स्वतःची राज्यं मिळाली.

वाटसरू:
तुम्ही दोघं १९६७ मध्येच अडकलात. आज हा झेंडा मुख्यतः ननामदी कानूंच्या आयपॉब या बियाफ्रावादी संघटनेच्या हातात आहे. २०२१ पासून त्यांच्या नावाने दर सोमवारी आग्नेय नायजेरियात बंद पाळायला लावत आलेत, दुकान उघडलं म्हणून माणसं मारली गेलीत. मरणारे बहुतेक इग्बोच. त्यांच्यासाठी लाल पट्ट्याचा अर्थ काय?

माळरान:
त्या बंदचं समर्थन मी करणार नाही. पण त्याआधीचंही बघा. अ‍ॅम्नेस्टीच्या अहवालानुसार ऑगस्ट २०१५ पासूनच्या वर्षभरात सुरक्षा दलांनी किमान १५० बियाफ्रा समर्थक मारले, बहुतेक निःशस्त्र. आयपॉबवर बंदी आली २०१७ मध्ये. बंदुका दोन्हीकडे आहेत, म्हणून त्या दीडशे जणांच्या हातातला झेंडा गुन्हा ठरत नाही.

उत्तरा:
गुन्हा मीही म्हणत नाही, खुशाल फडकवा. फक्त कालाबारच्या, म्हणजे एफिकांच्या शहरातल्या माणसाला तो आपला वाटत नसेल, तर त्याला गद्दार म्हणू नका.