रंगीत मेणबत्तीचा डाग : इस्त्रीच्या आधी हे बघा

कपड्यावर मेण सांडलं की बर्फ लावून ते कडक करायचं, स्टीलच्या चमच्याच्या कडेनं खरवडायचं आणि वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवायची, असा सल्ला नेहमी मिळतो. खरवडण्यापर्यंत तो बरोबर. पण त्यावर वर्तमानपत्र ठेवून इस्त्री? उष्णतेनं छपाईची शाई कापडावर उतरते आणि पांढऱ्या सदऱ्यावर मेणाऐवजी काळपट ठसा राहतो. कोरा खाकी कागद किंवा टिश्यू घ्या. डागाची बाजू खाली, कागदावर टेकवा आणि उलट्या बाजूनं इस्त्री टेकवत चला. मेण आलं त्याच वाटेनं बाहेर पडतं. इस्त्री मध्यम गरम पुरे, वाफ बंद. साधं मेण साधारण ६० अंशांच्या आसपास वितळतंच. पॉलिएस्टर असेल तर सगळ्यात कमी तापमान. कागद तेलकट झाला की लगेच बदला, नाहीतर तेच मेण परत कापडात जिरतं.

दिवाळीतल्या लाल-हिरव्या मेणपणत्यांचं प्रकरण वेगळं, कारण मेण निघालं तरी रंग मागे उरतो आणि जास्त गरम इस्त्रीनं तो पक्का बसतो. कापड गार झाल्यावर कापसावर सर्जिकल स्पिरिट घेऊन नुसतं टिपायचं, चोळायचं नाही. आधी शिवणीच्या आत थोडं लावून कापडाचाच रंग जातोय का ते बघा. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा पणती-गॅस लांब. मग भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब लावून कोमट पाण्यात धुवा. येवल्याच्या पैठणीवर मात्र यातलं काहीही नको. जरतार आणि रेशीम दोन्ही जपायचं, तर वरचं सुटं मेण नखानं अलगद काढून सरळ ड्रायक्लीनला द्या, डाग कशाचा तेही सांगा.