ओढ्यातून हौदात पाणी उचलायला आर्किमिडीज स्क्रू पंप: व्यास, पिच, मोटर कशी ठरवायची?

गोदाकाठ_निफाड

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात ओढ्याचं पाणी काठावरच्या हौदात घ्यायचं आहे. हौदात गाळ बसला की पुढे नेहमीची मोटर ते ड्रिपला देईल, म्हणजे या पंपाला नुसतं उचलायचं काम आहे. ओढ्याच्या किमान पातळीपासून हौदात पाणी पडण्याच्या जागेपर्यंत उभी उचल १.८ मीटर. पाणी सेकंदाला १५ लिटर हवं, म्हणजे तासाला ५४ हजार लिटर. पाण्यात जलपर्णी, पाचट, मल्चिंग पेपरचे तुकडे असं सगळं येतं, त्यामुळे मोनोब्लॉक पंपाचा फूटव्हॉल्व (सक्शनच्या तळाची झडप) सारखा चोंदतो.

नाशिकच्या अंबडचं एक वर्कशॉप स्क्रू (पाइपभोवती गुंडाळलेली पाती, तिरपी बसवून फिरवली की पाणी वर चढतं) बनवून द्यायला तयार आहे. त्यांनी तोंडी सांगितलेले आकडे असे: व्यास ३०० मिमी, एकच पातं, कोन ४५ अंश, १५० फेरे, ५ एचपी. एवढ्यात काम भागेल का? नसेल तर ड्रॉइंगवर काय काय लिहून द्यावं? मापं नेमकी सांगितलीत तर बरं होईल.

पाणउपसा

दादा, या मापांवर ऑर्डर देऊ नका. ४५ अंशात ३०० मिमीचा एकपाती स्क्रू फेऱ्याला जेमतेम अडीच लिटर उचलतो. १५० फेरे धरले तरी कागदावर सेकंदाला ६ लिटर होतात, आणि तेवढे फेरे तो घेऊच शकत नाही. फेऱ्यांची मर्यादा काढायला मुइस्केन या डच अभियंत्याचं १९३२ चं सूत्र आजही वापरतात: मिनिटाचे कमाल फेरे म्हणजे ५० भागिले व्यासाचा २/३ घात, व्यास मीटरमध्ये. ३०० मिमीला ही मर्यादा ११२ येते, ४०० मिमीला ९२. त्यापुढे पाणी पात्याच्या दोन वेढ्यांमधल्या कप्प्यात शांत बसत नाही. पात्यासोबत वर ओढलं जातं, मधल्या पाइपवरून उलटून खालच्या कप्प्यात पडतं. मोटर तेच पाणी पुन्हा पुन्हा उचलत बसते.

कोन ३० अंश ठेवा. ३८ पर्यंत चालतो, पण अंशामागे साधारण ३ टक्के पाणी कमी होत जातं. जागा अगदीच अडचणीची असेल तरच तिकडे वळा. पिच म्हणजे एका वेढ्यात पातं पाइपवर जेवढं पुढे सरकतं ते अंतर. ३० अंशात पिच व्यासाएवढा, त्याहून सपाट बसवला तर १.२ पट, उभा केला तर ०.८ पट, असा ढोबळ नियम आहे. मधला पाइप बाहेरच्या व्यासाच्या निम्म्याहून किंचित जाड असावा. गणितज्ञ क्रिस रॉरेस यांनी २००० साली गणिताने काढलेलं प्रमाण ०.५४ आहे, आणि बाजारात सहज मिळणारा ८ इंची पाइप, बाहेरून २१९ मिमी, ४०० च्या स्क्रूला नेमका तिथेच बसतो. म्हणून माझं मत: व्यास ४००, पाइप २१९, पिच ४००, समोरासमोर दोन पाती. तीन पाती आणि थोडा लांब पिच घेतला तर फेऱ्याला सहाव्या हिश्श्याएवढं पाणी वाढतं, पण वेल्डिंग दीडपट होतं आणि पात्यांमधली वाट अरुंद होते. जलपर्णी असताना मी दोनच ठेवीन.

हा स्क्रू भरला की फेऱ्याला १४ लिटर देतो. १४४० च्या मोटरला १:२० चा इनलाइन हेलिकल गिअरबॉक्स लावला की ७२ फेरे मिळतात, म्हणजे सेकंदाला १६.८ लिटर. यातून पातं आणि ट्रफ (ज्या पन्हळीत स्क्रू फिरतो ती) यांच्यामधल्या फटीतून परत खाली जाणारं पाणी वजा करायचं. ३ मिमी फट राखली तर सुमारे १.९ लिटर जातं, हातात १५ राहतात. फट ६ मिमी झाली की गळती दुप्पट, जवळजवळ ४ लिटर. वर्कशॉपवाला पाच-सहा मिमीने काय होतंय म्हणाला तर त्याला हा हिशोब दाखवा.

आता मोटर. १५ लिटर पाणी १.८ मीटर उचलायला खुद्द पाण्याला लागते फक्त ०.२७ किलोवॉट. स्क्रूची आणि गिअरबॉक्सची तूट धरून शाफ्टमागे पाऊण एचपीच्या आतच काम होतं. सुरुवातीचा भार आणि कचरा लक्षात घेऊन दीड एचपी बसवा. ५ एचपी लावली तर पाणी एक थेंब वाढणार नाही. उलट फांदी अडकली की मोटर थांबायच्या ऐवजी पातं वाकवेल. वर्म गिअरबॉक्स स्वस्त पडतो, पण वीज खातो.

लांबी अशी: १.८ मीटरला ३० अंशात ३.६ मीटर, खाली बुडणारा आणि वर ओतणारा भाग मिळून ४.४ मीटर पात्यांची. आडवी जागा ३.८ मीटर लागेल.

पत्राकाम_सातपूर

वरचं डिझाइन धरून पात्यांचं कटिंग सांगतो, कारण चुका इथेच होतात. पत्रा ५ मिमी. पिच ४०० ला बाहेरच्या कडेची लांबी एका वेढ्यात १३१९ मिमी, पाइपला टेकणाऱ्या आतल्या कडेची ७९६. यावरून सपाट रिंग निघते: भोक २७६ मिमी व्यासाचं, बाहेरचा व्यास ४५६. बाहेरून ४६२ कापा, म्हणजे वेल्डिंगनंतर कड खरवडून मापात आणायला माल उरतो. पुष्कळ जण रिंग सरळ ४०० बाहेर आणि २१९ आत अशी कापतात. ती ओढली की पाइपवर बसतच नाही, मग ठोकून बसवतात आणि पिच वाकडातिकडा होतो.

प्रत्येक रिंगला एक सरळ काप द्यायचा आणि दोन टोकं विरुद्ध दिशांना ओढायची. एक अख्खी रिंग एका वेढ्याहून जरा जास्त भरते, साधारण १.०९. दोन्ही पाती मिळून २२ वेढे आहेत, त्याला २१ रिंगा पुरतात. लेझरवर कापून घ्या, प्लाझ्माच्या कडेला घासण्यात फार वेळ जातो.

वेल्डिंगआधी पाइपवर दोन्ही पात्यांची रेघ मारून घ्या: ४०० मिमी उंच आणि ६८८ मिमी लांब कागदी काटकोन त्रिकोण पाइपला गुंडाळला की तिरपी रेघ आपोआप मिळते. दुसऱ्या पात्यासाठी तोच कागद १८० अंश फिरवा. सगळ्या रिंगा आधी टॅक करा, म्हणजे ठिपक्याठिपक्याने तात्पुरत्या वेल्ड करा. मग दोन्ही बाजूंनी वेल्ड करा, पण एका टोकाकडून सुरू करून दुसऱ्या टोकाला जाऊ नका. थोडं इकडे, थोडं तिकडे, पाइप फिरवत. नाहीतर पाच मीटरचा पाइप केळ्यासारखा वाकतो आणि मग ३ मिमी फट विसरा.

पाइप ६.३ मिमी जाडीचा घ्या. दोन्ही टोकं जाड प्लेटने हवाबंद करा, आत थोडी हवा भरून साबणाच्या पाण्याने जोड तपासा. आत पाणी शिरलं की आतून गंजतो आणि वजन एका बाजूला जातं. टोकांना ६० मिमी ईएन-८ पोलादाचे शाफ्ट, पाइपच्या आत एकमेकांपासून लांब दोन डिस्क बसवून त्यांत धरलेले. एकाच प्लेटवर शाफ्ट जोडला तर मध्य हलतो. सगळं जोडून झाल्यावर लांब लेथवर एकाच सेटिंगमध्ये शाफ्टचे बेअरिंगचे भाग आणि पात्यांची बाहेरची कड काढा. एवढा लांब लेथ नसेल तर स्क्रू त्याच्याच बेअरिंगवर फिरवत कड ग्राइंडरने घ्या.

दिशा ड्रॉइंगवर लिहाच: उजव्या आट्याचा स्क्रू, मोटरच्या बाजूने बघताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरणार. मग पाती डाव्या बाजूला वर चढतात, आणि ट्रफची डावी भिंत उंच करून तिला आत वळलेली पट्टी द्यावी लागते. ती पट्टी नसली की कप्प्यातलं पाणी त्या बाजूने उडून जातं.

गोदाकाठ_निफाड

खूप खूप धन्यवाद, वर्कशॉपला हे असंच्या असं देतो. तीन गोष्टी राहिल्या. ट्रफ काँक्रीटचा की पत्र्याचा? खालचं बेअरिंग कायम पाण्यात, ते किती टिकणार? आणि ओढ्याची पातळी पावसाळ्यात दीड-दोन मीटर वर येते, उन्हाळ्यात पार खाली जाते, तेव्हा काय?

बेअरिंग_ग्रीस

बेअरिंगचं मी सांगतो. वजनाचा सगळा अक्षीय भार वरच्या बेअरिंगने घ्यायचा. पाइप, पाती आणि भरलेलं पाणी मिळून उतारावर खाली ओढणारा भार सुमारे २०० किलो होतो, स्फेरिकल रोलर तो आरामात पेलतो. खालचं बेअरिंग फक्त आडवा भार घेईल आणि शाफ्ट त्यात तीन-चार मिमी पुढे-मागे सरकू शकेल असं ठेवा. ऊन-थंडीत पाच मीटर पाइपची लांबी दोन-अडीच मिमी बदलते. दोन्ही टोकं आवळली तर खालचं बेअरिंग आधी जातं आणि लोक पाण्याला दोष देतात.

खाली बॉल बेअरिंग नको. एक तर गनमेटलचं बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी), ज्याला काठावरून ग्रीसची नळी आणली आहे, किंवा पाण्यावर चालणारं रबरी बुश. गाळाच्या पाण्यात रबरी बुश चांगलं, वाळूचा कण त्यात दबून निघून जातो. पण स्क्रू कोरडा फिरला तर स्क्रूला काही होत नाही, बुश मात्र जळतं. उन्हाळ्यात ओढा आटणार असेल तर ग्रीसचंच घ्या. शाफ्टवर बदलता येणारी स्टेनलेसची स्लीव्ह चढवा, म्हणजे झीज स्लीव्हवर जाईल. बुशच्या तोंडाशी गोल ढाल द्या. जलपर्णीच्या मुळ्या, सुतळी आणि ड्रिपच्या नळ्यांचे तुकडे नेमके तिथे गुंडाळतात. पात्यांमधून नारळ गेला तरी हरकत नाही, दोरीचं भ्यावं.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. उन्हाची. एप्रिल-मेमध्ये पंप बंद असताना पाइपची वरची बाजू तापते, खालची ट्रफच्या सावलीत आणि ओलाव्यात गार राहते. वरच्या आणि खालच्या बाजूत २० अंशांचा फरक पडला तर पाच मीटरचा हा पाइप मधोमध सुमारे साडेतीन मिमी वर वाकतो. फट आहे ३ मिमी. बंद असताना तो ट्रफपासून लांब वाकलेला असतो, म्हणून दिसत नाही. दुपारी बटण दाबलं की अर्ध्या फेऱ्यात तीच फुगलेली बाजू खाली येते आणि पाती ट्रफला घासतात. स्क्रूच्या आणि पाण्याच्या वजनाने येणारा झोल सव्वा मिमीच असतो, त्याची काळजी नाही. उपाय सोपा आहे: वर शेडनेट ताणा. द्राक्षपट्ट्यात ती सगळीकडे मिळते. नाहीतर दुपारी सुरू करण्याआधी पाइपवर पाणी मारून दहा मिनिटं थांबा.

पाणउपसा

बाकीचं मी पूर्ण करतो. एवढ्या स्क्रूला पत्र्याचा ट्रफ बरा. वर्कशॉपमध्येच स्क्रू बसवून फट तपासता येते आणि अख्खा संच क्रेनने ठेवता येतो. काँक्रीटच करायचं असेल तर ट्रफ २५ मिमी मोठा ओता. स्क्रू बेअरिंगवर बसवा, पात्याच्या कडेवर ३ मिमी जाडीची पट्टी बांधा. मग ट्रफमध्ये बारीक वाळूचा मसाला भरत स्क्रू हाताने फिरवा. पट्टी जादा मसाला खरवडत जाते आणि ट्रफ स्क्रूच्या मापाचा होतो. आधी स्क्रूचा पाया आणि बेअरिंग पक्की आवळलेली हवीत, नंतर शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून उंची बदलली तर सगळी मेहनत वाया.

पातळीचं असं आहे. खालच्या टोकाला पाणी मधल्या पाइपच्या माथ्यापर्यंत आलं की कप्पे पूर्ण भरतात. पातळी याहून खाली गेली की पंप तेवढं कमी उचलतो, फेरे तेच. हवा ओढणं, प्रायमिंग जाणं असलं काही नाही. म्हणून खालचं टोक उन्हाळ्यातल्या पातळीवरून ठरवा, सरासरीवरून नको. पातळी वर गेली तर पाणी फार वाढत नाही, वीज थोडी वाचते. ओढ्याला फुगवटा येऊन पाणी ओतणीच्या वर गेलं तर गढूळ पाणी थेट हौदात शिरेल, म्हणून ओतणीला फळी सरकवायची खाच ठेवा. मोटर, गिअरबॉक्स आणि स्टार्टर पुराच्या रेषेच्या वरच.

तळाशी खड्डा करा, स्क्रूचं टोक त्याच्या तळापासून निदान २०० मिमी वर राहू द्या, नाहीतर गाळात रुतेल. तोंडाला ७५ ते १०० मिमी अंतराचे गज पुरे. बारीक जाळी लावली की पुन्हा फूटव्हॉल्वचीच कथा. फटीच्या मापाचा खडा मात्र पातं आणि ट्रफमध्ये पाचर मारतो, तेव्हा खड्ड्याच्या तोंडाशी खडी-मुरूम टाकू नका.

वीज गेली की भरलेल्या कप्प्यांतलं पाणी स्क्रूला उलटं फिरवत खाली जातं. हेलिकल गिअरबॉक्स त्याला अडवत नाही. गिअरबॉक्स बॅकस्टॉपवाला, म्हणजे उलटं फिरू न देणारा घ्या. तो नसेल तर स्टार्टरला टायमर लावा, वीज आल्यावर निदान अर्ध्या मिनिटाने सुरू होईल असा. ऑटोस्टार्टर वापरत असाल तर हे हवंच, कारण उलट्या फिरणाऱ्या स्क्रूवर मोटर चालू झाली की कपलिंगला जबर झटका बसतो. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारा) लावा. फेज उलटसुलट जोडलेत तर बॅकस्टॉप तुटेल, म्हणून दिशा कपलिंग सोडून नुसत्या मोटरवर तपासा.

ओढ्यातून उपसा करायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते, ती पाया खणण्याआधी घ्या.

गोदाकाठ_निफाड

ओढा मे महिन्यात आटतो, म्हणून ग्रीसचं बुश घेतो. ग्रीस किती वेळाने भरायचं?

बेअरिंग_ग्रीस

हाताच्या पंपाने भरत असाल तर रोज सुरू करण्याआधी तीन-चार दाब, आणि तेही स्क्रू हळू फिरत असताना. कॅल्शियम बेसचं, पाण्यात न विरघळणारं ग्रीस घ्या. नळी ६ मिमीपेक्षा बारीक नको, थंडीत ग्रीस पुढे सरकत नाही. बुशच्या दुसऱ्या तोंडातून ताजं ग्रीस बाहेर येताना एकदा डोळ्यांनी बघून घ्या. पंप बसवायच्या आधी, काठावर असतानाच. पाण्यात उतरल्यावर नळी बुजलेली आहे की नाही हे वरून कळत नाही.