पहिला व्हिडिओ कॅमेरा काय पाहून घेतला? गावाकडच्यांनी अनुभव सांगा

आर्वी तालुका, चर्चेचा धागा काढणारा

पुतणीला व्हिडिओ करायचे आहेत. तिची यादी अशी: आजीच्या हातचे रोडगे आणि पाटवडी, पोळा, कापसाची वेचणी, आमच्या गुरुदेव सेवा मंडळाची भजनं, आणि जमलं तर शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. कापूस विकला की पन्नास-साठ हजार द्यायचे असं घरून कबूल झालंय. यूट्यूबवर बघावं तर दर महिन्याला नवा कॅमेरा सर्वोत्तम ठरतो, आणि सांगणारे सगळे एसीत बसलेले. इथं मे महिन्यात पारा ४५ च्या वर, संध्याकाळी लाईन जाते, दुरुस्तीला नागपूर गाठावं लागतं. म्हणून इथल्याच लोकांना विचारतो. नुसतं मॉडेलचं नाव टाकून पळू नका. कशाचं शूटिंग करता, काय पाहून घेतला आणि नंतर खरं काय कामी आलं, ते लिहा.

वडसा, लग्नं आणि नाटकं

दिवाळी झाली की होळीपर्यंत आमच्याकडे झाडीपट्टीची नाटकं. मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा) असो की पट, रात्री नाटक उभं राहतं ते पहाटेपर्यंत. त्यामुळे कॅमेरा घेताना माझा पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा नव्हता. हा न थांबता किती वेळ चालतो, एवढंच मी विचारलं. जुन्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांवर आपोआप थांबतं. अर्धा तास किंवा त्याहून जास्त चालणारा कॅमेरा युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरला जायचा आणि त्यावर जास्त जकात लागायची, म्हणून कंपन्यांनीच ही मर्यादा घातली. म्हणजे तिकडच्या जकातीपायी इकडं नायिकेचं रडणं अर्ध्यात तुटते! सोनी झेडव्ही-ई१० सारख्या नव्या मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या) ही मर्यादा नाही. पण मर्यादा नसली म्हणून बॅटरी रात्रभर पुरत नाही, हेही लक्षात ठेवा.

दुसरं, उजेडाचं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि बरेचसे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. सेटिंग सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमवर असलं तर चित्रात काळे पट्टे सरकतात. मेनूत जाऊन पाल (५० हर्ट्झच्या देशांची व्हिडिओ पद्धत) निवडा, २५ फ्रेम ठेवा, शटर १/५० किंवा १/१०० सेकंद. लग्नाच्या मांडवातही हेच. स्टेजवरच्या स्वस्त रंगीत एलईडींची लुकलुक वेगळीच असते. तिथं शटर थोडं इकडेतिकडे करून पट्टे कुठं थांबतात ते पडदा उघडायच्या आधीच पाहून ठेवावं लागतं.

एक्स्पोजर ऑटोवर ठेवाल तर मागचा काळा पडदा पाहून कॅमेरा उजेड वाढवतो आणि नटाचा चेहरा पांढराफटक होतो. धूर सोडला की फोकस भटकतो. मी दोन्ही हातानं बांधून ठेवतो.

फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारीक चित्र, त्याबद्दल विचारतात पोरं. १०० एमबीपीएसनं एका तासाला ४५ जीबी लागतात. सहा तासांचं नाटक म्हणजे २७० जीबी. ते कुठं ठेवणार, कोणत्या कॉम्प्युटरवर जोडणार? पाहणारा शेवटी पाच-सहा इंची मोबाईलवरच पाहतो. मी फुल एचडीत करतो आणि सुखानं झोपतो.

वरुड, संत्र्याचा बगीचा

मी तं मोबाईलवरच करतो बावा. पाठीवर फवारणीचा पंप अन् गळ्यात कॅमेरा, हे जमते का? संत्र्यावरचा डिंक्या रोग दाखवाचा असन, कोयशी दाखवाची असन, तं खोडाच्या नाईतं पानाच्या पार जवळ जा लागते. कॅमेऱ्यासंगं येते ते १८-५५ ची लेन्स पाव मीटरच्या आत फोकसच धरत नाई. मोबाईल धरते.

पण मोबाईलची गंमत मे महिन्यात. उन्हात तापला का आधी स्क्रीन अंधारी होते, मंग कॅमेराच बंद. म्हून मी सकायी नवाच्या आत करतो नाईतं सांजच्याले. दुपारच्या उन्हात तसाई माणसाचा चेहरा टोपीखाली कायाच दिसते.

अन् आवाजाचं ऐका. वावरात वारा असते, मोटर असते, बाजूचा ट्रॅक्टर असते. हजाराच्या आत वायरवाला कॉलर माईक भेटते, लांब वायरीचा. त्याले केसाळ टोपडं घाला वाऱ्यासाठी. माईक घेतानी पिन पाहा: मोबाईलच्या पिनीवर तीन काया रेघा असते, कॅमेऱ्याच्या पिनीवर दोन. उलटसुलट झालं तं आवाज येत नाई, अन् लोक म्हणते माईक खराब हाय. पोट्टीले साठ हजाराचा कॅमेरा देऊन राहिले, तं आधी एक हजार माईकले द्या.

दर्यापूर तालुका, पदार्थांचे व्हिडिओ

वरुडच्या भाऊंचं माईकचं पटलं. मोबाईलचं माझ्यापुरतं नाही पटलं. त्यांच्याकडं ऊन आहे, माझ्याकडं दहा बाय आठचं स्वयंपाकघर, एक खिडकी आणि चुलीच्या धुरानं काळ्या झालेल्या भिंती. मोबाईलवर तिथं सगळं गिजगिज दिसायचं, गोळाभात आणि खिचडी सारखीच.

माझा कॅमेरा कॅनन २००डी मार्क टू. घेतला तो उलटणाऱ्या स्क्रीनसाठी आणि माईकच्या जॅकसाठी. मी एकटीच करते, त्यामुळे समोरून स्वतःला दिसणं गरजेचं. त्यात फोर-के आहे असं खोक्यावर मोठ्ठं लिहिलंय. पण फोर-केमध्ये फ्रेम आणखी आवळते आणि त्याचा तो चांगला ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस चालत नाही. कढईतून वाफ निघाली की फोकस आत-बाहेर करत राहतो. फुल एचडीत मात्र फोकस हाताला चिकटून राहतो. पुतणीबाईंनी खोक्यावरच्या अक्षरांवर जाऊ नये.

खरा फरक लेन्सनं पडला. सोबतची लेन्स झूम केली की एफ ५.६ वर जाते; एफचा आकडा मोठा तेवढा उजेड कमी. एफ १.८ ची लेन्स त्याच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. सगळेजण ५० एमएमची स्वस्त लेन्स सांगतात आणि ती आहेच छान, पण या छोट्या सेन्सरवर ती ८० सारखी दिसते. परात फ्रेममध्ये बसवायला मला अंगणात जाऊन उभं राहावं लागेल! बुटक्या स्वयंपाकघराला २४ एमएमची चपटी लेन्स बरी, एफ २.८ असली तरी. ५० ची माझ्याकडं फक्त जवळून दाखवायला असते: फोडणी तडतडताना, पुरण वाटताना.

ट्यूब बंद करते. खिडकीचा उजेड एका बाजूनं, चुलीचा जाळ दुसऱ्या बाजूनं. ट्यूब लावली की तीन रंगांची भांडणं होतात आणि वरण हिरवं दिसतं. व्हाईट बॅलन्स एकदा खिडकीप्रमाणे बांधला की भाकर भाकरीच्या रंगाची दिसते. लेन्सवर एक साधी काचेची फिल्टर असू द्या, तेलाचे शिंतोडे लेन्सवर घेण्यापेक्षा तिच्यावर घेतलेले बरे.

धारणी तालुका, शाळा

लाईन आहे असं धरून चालत नाही आम्ही. म्हणून कॅमेरा पॉवर बँकेवर चार्ज होतो का, हे आधी पाहिलं. झेडव्ही-ई१० यूएसबी-सीवर होतो. ताईंच्या कॅमेऱ्याला बॅटरी काढून वेगळ्या चार्जरमध्येच लावावी लागते, आणि चार्जरला लाईन लागते. व्हिडिओत एक बॅटरी जेमतेम तास-सव्वा तास धरा.

मुलांची कोरकू गाणी रेकॉर्ड करतो. टिनाच्या छतावर पाऊस सुरू झाला की जगातला कोणताच कॅमेरा उपयोगाचा नाही. तेव्हा गणित शिकवायचं.

मोझरीजवळ, भजन मंडळ

खंजिरी ऑटो आवाजावर कधीच करू नका. थाप पडली की कॅमेरा घाबरून आवाज खाली ओढतो, मग गाणारा बुडतो, मग हळूहळू वर येतो, तेवढ्यात पुढची थाप. लेव्हल हातानं ठेवा, मोठ्यात मोठी थाप मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी. साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर सरळ कॅमेऱ्याच्या माईक जॅकमध्ये घातली तर आवाज फाटतो, कारण मिक्सरचा सिग्नल माईकपेक्षा कितीतरी जोरात असतो. आम्ही दोन बारक्या पेन्सिल सेलवर चालणारा वेगळा रेकॉर्डर पेटीजवळ ठेवतो आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवतो. नंतर टाळीवर टाळी बसवली की चित्र आणि आवाज जुळतात.

तळेगाव दशासरकडचा

शंकरपटासाठी: डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं परवानगी दिल्यावर पट पुन्हा भरू लागले आणि दाणीवर (जोड्या पळायच्या पट्टीवर) कॅमेरेच कॅमेरे. जोडीसोबत कॅमेरा गर्रकन फिरवला की मागचे खांब तिरपे होतात. सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीनं वाचतो, म्हणून. एका जागी उभं राहा, जोडी समोरून येऊ द्या, ५० फ्रेम ठेवा म्हणजे नंतर निम्म्या वेगानं दाखवता येईल. बस.

मोहर्ली, होमस्टे आणि जिप्सी

आमचं वेगळंच आहे, पुतणीला कामाचं नाही, पण धाग्यात असू द्या. ताडोब्यात सफारीला मोबाईल आत नेता येत नाही. म्हणजे कॅमेरा हवाच, आणि वाघ काही पाटवडीसारखा जवळ येऊन बसत नाही. पाहुण्यांमध्ये मोठ्या झूमचे एकसंध, म्हणजे लेन्स न निघणारे, कॅमेरे फार. निकॉन पी९०० ला ८३ पट झूम आहे पण बाहेरचा माईक लावायची सोय नाही. तेवढ्याच झूमच्या पी९५० ला आहे. घेताना हा फरक विचारा.

जिप्सीच्या दांड्यावर तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा, इंजिन बंद करायला सांगा. आणि उन्हं चढली की लांबचं काही काढू नका. जमिनीवरची गरम हवा थरथरते, वाघ पाण्यात असल्यासारखा हलतो. त्याला महागातली लेन्सही इलाज नाही.

साकोली, जुने कॅमेरे घेणं-विकणं

जुना घ्यायला काहीच हरकत नाही, पाहून घ्या. धानाच्या पट्ट्यात पावसाळाभर दमट असतं, लेन्समध्ये बुरशी धरते. लेन्स उघडी करून मागून टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर पैसे खिशातच ठेवा. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसते. माईक जॅकमध्ये पिन घालून हलवा, खरखर आली तर जॅक ढिला आहे. विकणाऱ्यासमोर वीस-पंचवीस मिनिटं सलग रेकॉर्डिंग करा. चहा प्या तोवर. शटर काउंट, म्हणजे किती फोटो काढलेत ते, सगळे विचारतात, पण व्हिडिओ चालू असताना यांत्रिक शटर हलतच नाही, त्यामुळे त्या आकड्यावरून व्हिडिओचा वापर कळत नाही. बिलावरचा नंबर कॅमेऱ्याच्या बुडाशी जुळतो का ते पाहा.

घरी ठेवताना चामड्याच्या बॅगेत नको. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की मंद तव्यावर सुकवा. कार्ड व्ही३० (व्हिडिओ साठवायच्या वेगाची खूण) लिहिलेलं घ्या आणि नवं असलं तरी एकदा पूर्ण भरून पाहा. नकली कार्डावर ६४ जीबी लिहिलेलं असतं, आत असतात आठ.

आर्वी तालुका, पुतणी

काकांच्या नावावरून मीच लिहिते आहे. वाचून असं वाटतंय की माझ्या यादीतल्या पाच गोष्टींना पाच कॅमेरे लागतील. वडशाच्या काका, भजन आणि स्वयंपाकघर दोन्ही एकात होईल का? आणि उन्हात वेचणी काढताना चित्र पांढरं पडतं ते कशानं? मैत्रिणीच्या कॅमेऱ्यावर पाहिलं मी.

वडसा

होते ना, बाई. झेडव्ही-ई१० असो की ताईंचा २००डी, दोन्हीत माईक लागतो, स्क्रीन उलटते. तुझी भजनं लांब चालत असतील तर पहिला पाहा. पण जुना पाहा, आणि पैसे सगळे त्यातच घालू नको. एक उजेडाची लेन्स, कॉलर माईक, स्टँड, दोन बॅटऱ्या, दोन कार्ड हे आधी बाजूला काढ, उरलेल्यात कॅमेरा. स्टँड हलका घेऊ नको, आपल्याकडच्या वाऱ्यात कॅमेऱ्यासकट पडतो.

उन्हाचं असं की १/५० शटरवर भर दुपारी एफ २२ पर्यंत बंद करावं लागतं. त्यापेक्षा लेन्सला काळा चष्मा घाल, एनडी फिल्टर म्हणतात. एफ २.८ वर राहायचं तर ६४ पट उजेड कापणारी लागेल. फिरवून कमी-जास्त होणारीही मिळते. लॉग प्रोफाइलच्या (फिकं चित्र काढून रंग नंतर भरायच्या) नादी सध्या लागू नको, आठ बिटमध्ये रंग ओढले की आभाळ फाटते.

वरुड

पाहा, कॅमेऱ्याले चष्मा, माईकले टोपडं. लग्नच लावून टाका त्याचं.

वडसा

भाऊ, लग्नाचं शूटिंग मीच करीन मग. पोरी, घ्यायच्या आधी भाड्यानं आणून दोन-तीन दिवस आजीच्या चुलीसमोर ठेवून पाहा. अन् मंडईच्या वेळेस वडशाला ये, मागच्या रांगेतला स्टँडवरचा कॅमेरा रात्रभर तुझ्याकडं देतो. मेनू आपोआप पाठ होते.

आर्वी तालुका, पुतणी

येते. काकांना घेऊन येते, गाडी तेच चालवतात. मागच्या रांगेत त्यांनाही खुर्ची ठेवा.