एकाच लॉटचे कांदा बियाणे, अकरा शेतकरी : ग्राहक संस्थेला तक्रार करता येते का?

प्रश्न (निफाड तालुका)

आमच्या गावातील ११ शेतकऱ्यांनी एकाच दुकानातून एकाच लॉटचे उन्हाळी कांद्याचे बियाणे घेतले. रोप चांगले उतरले, परंतु काढणीच्या आधीच निम्म्याहून अधिक पिकाला डोंगळे (फुलांचे दांडे) आले आणि उरलेल्यात जोड कांदाच फार निघाला. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी हवामानाकडे. तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीने पंचनामा केला आहे. पक्की बिले मात्र आठ जणांकडेच आहेत. नाशिकमधील एखादी ग्राहक संस्था आम्हां सर्वांच्या वतीने तक्रार दाखल करू शकेल का? आम्ही तिचे सभासद नाही. शिवाय शेतकरी कायद्याने ग्राहक ठरतो का?

उत्तर १

ठरतो. शेतकरी ग्राहक नाही, हा बियाणे उत्पादकांचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात फेटाळला आहे. सगळे बियाणे पेरून टाकलेल्या शेतकऱ्याकडून तपासणीसाठी नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा करता येत नाही, असेही त्या निकालात म्हटले आहे. तेव्हा "नमुना दाखवा" या मागणीने घाबरू नये.

उत्तर २ (ग्राहक संस्थेतील कार्यकर्ता)

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ नुसार नोंदणीकृत स्वयंसेवी ग्राहक संस्था स्वतः तक्रारदार होऊ शकते, आणि तक्रार ज्याची आहे तो तिचा सभासद असलाच पाहिजे अशी अट नाही. ग्राहक आयोगाच्या परवानगीने आपल्यापैकी एकालाही सर्वांसाठी तक्रार करता येते. आयोगाचे अधिकारक्षेत्र आता मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर बियाण्यासाठी मोजलेल्या किमतीवर ठरते. ती ५० लाखांपर्यंत असल्याने प्रकरण नाशिकच्या जिल्हा आयोगापुढेच चालेल, आणि किंमत ५ लाखांच्या आत असल्याने शुल्कही लागणार नाही. तक्रार दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. संस्था म्हणजे फुकटचा वकील, असा समज घेऊन बरेच जण येतात. आमचे खरे काम कागद लावणे, नोटीस पाठवणे आणि जमल्यास कंपनीशी तडजोड घडवणे हे असते.

उत्तर ३

थोडा विरोधी सूर लावतो. डोंगळे थंडीमुळे आणि लागवडीची वेळ चुकल्यामुळेही येतात, त्यामुळे कंपनीचा बचाव अगदीच पोकळ नाही. पंचनाम्यात केवळ "नुकसान झाले" एवढेच लिहिले असेल, तर संस्था कितीही जुनी असली तरी तिचा उपयोग होणार नाही. त्याच शिवारात, त्याच सुमारास लावलेल्या दुसऱ्या वाणाला डोंगळे आले नसतील, तर ती नोंद समितीकडून लेखी घ्यावी. प्रकरण उभे राहील ते तिच्यावरच.

प्रश्नकर्ता

शेजारच्या दोन शेतांत दुसरे वाण व्यवस्थित आले आहे. समितीला आजच अर्ज देतो. बिले नसलेल्या तिघांनी काय करावे?

उत्तर २

१९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार विक्रेत्याने ग्राहकाला पावती दिलीच पाहिजे. दुकानदाराकडे दुय्यम प्रत लेखी मागावी आणि अर्जावर पोच घ्यावी. त्याने नाकारली, तर तो नकारही तक्रारीस जोडता येतो. रिकाम्या पिशव्या आणि त्यांवरील लॉट क्रमांकाची लेबले कोणाकडे शिल्लक असतील, तर ती आधी ताब्यात घ्या.