'प्रस्थापित' म्हणजे नेमकं कोण?

पर्वतीपायथा
एका लेखाचा अनुवाद करते आहे. विषय असा, की विज्ञान, संस्कृती आणि राजकारण या तिन्हींतल्या एस्टॅब्लिशमेंटबद्दल, म्हणजे सूत्रं हातात धरून बसलेल्यांबद्दल, लोकांना भरवसा का वाटत नाही. मी सरळ 'प्रस्थापितांवरचा अविश्वास' लिहिलं. मसुदा वाचून आत्या म्हणाली, "म्हणजे साखर कारखानेवाले ना?" पुढे लशींचा परिच्छेद आला तिथे ती अडलीच. तिच्या लेखी प्रस्थापित म्हणजे घराणी. लस तपासणारी संस्था प्रस्थापित कशी? मला तिचं म्हणणं पटायला लागलंय. तिन्हीकडे चालेल असा एक शब्द सुचवा.

पाठशाळा
शब्द मुळातच चुकला आहे. संस्कृतात प्र + स्था म्हणजे निघणे. आळंदीहून पालखीचं प्रस्थान होतं, ते हेच. त्यामुळे प्रस्थापित म्हणजे रवाना केलेला, धाडलेला. जागचे हलत नाहीत त्यांनाच आपण 'धाडलेले' म्हणत बसलोय. मान मिळवून स्थिर झालेल्याला 'प्रतिष्ठित' हा चांगला शब्द आहे. तोच वापरा.

नानापेठ
लग्नपत्रिकेत 'येथील प्रतिष्ठित व्यापारी' छापतात. तो शब्द मान द्यायचा आहे, जाब विचारायचा नाही. 'प्रस्थापित'मध्ये जो राग आहे तो साठच्या दशकातल्या लघुअनियतकालिकांनी (बंडखोर लेखकांच्या छोट्या, अधूनमधून निघणाऱ्या अंकांनी) आणि 1972 नंतर दलित पँथर या संघटनेने भरला. व्युत्पत्ती दाखवून तो काढून घेता येणार नाही, घेऊही नये. आणि शब्दावाचून कुणाचं अडलं होतं? 1885 मध्ये रानड्यांनी पुण्यातल्या ग्रंथकार सभेचं बोलावणं धाडलं, तेव्हा जोतीराव फुल्यांनी 'घालमोडे दादा' असं हिणवून त्यांना नकार कळवला. ना प्रस्थापित लागला, ना प्रतिष्ठित.

मुळशीखोरं
मला लहानपणापासून वाटायचं, ज्यांचं प्रस्थ आहे ते प्रस्थापित. "तालुक्यात त्यांचं मोठं प्रस्थ आहे" असं आमच्याकडे सर्रास म्हणतात.

पाठशाळा
नाही हो, 'प्रस्थ' वेगळा. प्रस्थ म्हणजे धान्याचं माप, शिवाय सपाट उंच जागा. इंद्रप्रस्थातलं प्रस्थ ते.

मुळशीखोरं
असेल. पण ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही एकच झालेत, आणि भाषा कानानेच चालते. आणखी एक. भाषणात 'प्रस्थापित विरुद्ध विस्थापित' अशी जोडी हमखास येते. धरणाखाली गेलेल्या आमच्या गावांत स्वतःला विस्थापित म्हणवणारा माणूस मी पाहिला नाही. आम्ही धरणग्रस्त. जोडी जमावी म्हणून तिकडे विस्थापित झालो.

पाषाणरस्ता
माझी हरकत दुसऱ्या शब्दाला, 'अविश्वास'ला आहे. मी बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली. एकमेकांची रीडिंग पुन्हा घेऊन बघणं हेच आमचं काम. सहकाऱ्याच्या आकड्यावर संशय घेतला म्हणून कुणी रुसत नसे. तेव्हा विज्ञानाच्या परिच्छेदात संशय आणि अविश्वास वेगळे ठेवा, कळकळीने सांगतो. शिवाय 'अविश्वास' बोलण्यात येतो कुठे? एक अविश्वासाचा ठराव सोडला तर नाहीच. आपण म्हणतो विश्वास बसत नाही, नाहीतर विश्वास उडाला. या दोन्हींत फार अंतर आहे. उडायचा तर तो आधी बसलेला असावा लागतो. मूळ लेखकाला यातलं काय म्हणायचंय, हे आधी ठरवा.

नानापेठ
हा मुद्दा महत्त्वाचा. 1897 च्या प्लेगात सोल्जर घरात शिरून झडत्या घ्यायचे, रोग्याला उचलून छावणीत न्यायचे. लोक आजारी माणूस लपवून ठेवायचे. 22 जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली, हे आपण शाळेत शिकतो. पण घरोघरी काय वाटत होतं? तिथे विश्वास उडाला असं म्हणताच येत नाही. तो बसायला वेळच कुठे मिळाला होता! औषध आणि बंदूक एकाच दारातून आत आली.

पर्वतीपायथा
हे वाचून थांबले. 2021 मध्ये आई दवाखान्यात होती. कुठलं इंजेक्शन देताय, एवढंच मी विचारलं. "तुम्हाला काय कळणार" असं उत्तर मिळालं. लस मी नंतर रांगेत उभं राहून घेतली. म्हणजे औषधावरचा विश्वास होता तिथेच होता, उडाला तो माणसांवरचा. माझ्या वाक्यात हे दोन्ही एकाच शब्दात कोंबले गेलेत.

मुळशीखोरं
मग 'संस्थान' बघा. संस्था लोकांची असते. एकाच कंपूकडे वर्षानुवर्षं राहिली की लोक म्हणतात, "आता ते त्यांचं संस्थान झालंय." साहित्य, शिक्षण, राजकारण, सगळीकडे चालतं.

पाषाणरस्ता
प्रयोगशाळेला नाही चालणार. सगळ्याच संस्थांची संस्थानं झालेली नसतात. 5 जानेवारी 2004 ला पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत तोडफोड करायला शिरलेल्या जमावालाही ते कुणाचं तरी संस्थानच वाटलं असेल. फुटली ती कपाटं, विस्कटल्या त्या पोथ्या. शब्द निवडताना हे विसरू नका.

नानापेठ
त्या तोडफोडीचं समर्थन मी कधीच केलं नाही. पण म्हणून जाब विचारणारा शब्दच नको, हे मान्य नाही.

पर्वतीपायथा
आत्याने आता 'वरचे लोक' सुचवलंय. "वरच्यांवर विश्वास बसत नाही." कसं वाटतं?

पाठशाळा
बोली म्हणून ठीक, लेखात नको. बरं, 'घालमोडे'ची फोड कशी करायची? घालणे आणि मोडणे, की आणखी काही? कुणाच्या घरात हा शब्द अजून बोलला जातो का?