टोयोटा जीटी८६ विकायची आहे (बाळ येतंय)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे बाळ येणार आहे हे बऱ्याच जणांना कळलंच असेल, तर माझी जीटी८६ (छोटी स्पोर्ट्स कार) विकायला काढतोय. २०१३ चं मॉडेल, मॅन्युअल, पहिला मालक मीच. कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन), हेडर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या), एग्झॉस्ट, ईसीयू ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं बदललेलं सेटिंग), १८ इंची अलॉय आणि ड्रायव्हरला बकेट सीट. रेस ट्रॅकवर नेलेली आहे, लपवत नाही, सगळी बिलं फाइलला लावलीयेत.

मागची सीट आहे हो, पण नावाला. बाळाची सीट उलटी (तोंड मागे करून) लावून बघितली तर पुढची सीट एवढी पुढे घ्यावी लागली की बायकोचे गुडघे डॅशबोर्डला टेकले, आणि दोनच दारं, त्यामुळे वाकून ती सीट आत बसवताना माझी कंबर धरली, बाळ तर अजून त्यात नव्हतंच. बायको एक शब्द बोलली नाही, नुसती बघत होती. समजून घ्या.

कोणाला हवी असेल तर सांगा.

---

उत्तर:

अरे वा, अभिनंदन दोघांचं!

न विचारता सल्ला देतोय, पण आहे तशी विकू नकोस. घेणारा तुझ्या पार्टचे पैसे धरत नाही, उलट ट्यून केलेली गाडी म्हटली की कशी पिळली असेल कोण जाणे म्हणून भाव पाडतो. ओरिजिनल पार्ट जपून ठेवले असशील तर गाडी स्टॉक कर आणि हे सगळं सुटं वीक. हेडर तर काढच, कारण या इंजिनात पहिला कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) ओरिजिनल हेडरमध्येच असतो, तो नसेल तर घेणाऱ्याची गाडी धुराच्या टेस्टला अडकेल आणि फोन तुला येईल. हेडर बदललं की मॅपही (ईसीयूचं सेटिंग) स्टॉक टाक, आणि ते सेटिंग भरायची ट्यूनिंगची डबी त्या ईसीयूला लॉक असते ती तेव्हाच मोकळी करून घे, नाहीतर पुढच्याला तिचा काही उपयोग नाही. सस्पेन्शन बदलल्यावर अलाइनमेंट करून कागद फाइलला लाव. जमलं तर कॉम्प्रेशन टेस्टही (इंजिनच्या सिलिंडरमधला दाब मोजून त्याची तब्येत कळते), ट्रॅकवर गेलेल्या गाडीला तो एक कागद दहा बिलांना भारी पडतो.

---

उत्तर:

अभिनंदन रे! उलटी सीट पुढे लावू असं कोणाच्या डोक्यात येत असेल तर समोरची एअरबॅग बंद केल्याशिवाय अजिबात नाही. आणि हे चार दिवसांचं काम नाही, आर१२९ (बाळाच्या सीटचं युरोपातलं मानक) वाल्या सीटला १५ महिने पूर्ण होईपर्यंत उलटंच बसवायचा नियम आहे, त्यानंतरही जितकं जास्त तितकं चांगलं. नवीन गाडी बघायला जाताना सीट आणि स्ट्रोलर दोन्ही घेऊन जा, शोरूममध्ये डिकी नेहमी मोठीच दिसते. पण एवढ्याशा जिवासाठी सात सीटर घेऊ नकोस, आमच्याकडे आहे, पार्किंग शोधण्यात अर्धा जन्म गेला. आणि एक, "बाळासाठी गाडी सोडली" हे त्याला मोठेपणी ऐकवत बसू नकोस, त्याने मागितली नव्हती.

---

उत्तर (गाडीवाला):

नाही ऐकवणार ताई, शब्द!

दादा, पटलं. स्टॉक हेडर, स्प्रिंगा, सीट, १७ इंची चाकं सगळं गॅरेजमध्ये आहे. (त्या चाकांवर कंपनीनेच प्रायस या साध्या हायब्रिड गाडीला बसणारे, कमी पकडीचे टायर दिले होते, मागचं टोक मजेत घसरावं म्हणून. कोण एवढा विचार करतं आता!) जीव तुटतोय तो फक्त हेडरसाठी. ते काढलं की ३५०० ते ४५०० आरपीएममधला तो टॉर्कचा खड्डा (जिथे गाडीची ओढ कमी होते) परत येणार, नवीन मालकाला वाटेल गाडी अशीच असते, मला मात्र टेस्ट ड्राइव्हला शेजारी बसून तो दर गिअरला कळणार.

सुटे पार्ट हवे असतील तर सांगा.

---

उत्तर:

कॉइलओव्हर माझे. घरी बोलू नका प्लीज.

---

उत्तर:

मीही या लिस्टवर आहे. आधी आपल्या गॅरेजमधले ते चार जुने टायर हलवा, मग बघू.