सह्या केल्या, पण कोणत्या जमिनीसाठी?
कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या कोस्टल गॅसलिंक पाइपलाइनबद्दल म्हटलं जातं, 'निवडून आलेल्या बँड कौन्सिलांनी (आदिवासींच्या स्थानिक मंडळांनी) पाइपलाइनच्या करारांवर सह्या केल्या, मग रेल्वे कशाला अडवायची?' हा मुद्दा अर्धवट आहे. या कौन्सिलांना अधिकार मिळतात ते आदिवासींसाठीच्या केंद्रीय कायद्यातून, म्हणजे इंडियन अ‍ॅक्टमधून, तेही मुख्यतः राखीव वस्त्यांपुरते. पाइपलाइन जाते वस्त्यांबाहेरच्या, वेत्सुवेतेन या आदिवासी समाजाच्या मुलखातून. त्या जमिनीसाठी कोर्टात गेले ते वंशपरंपरागत प्रमुख. १९९७ च्या डेल्गामूक निकालात कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की आदिवासींचा जमिनीवरचा हक्क संपवण्याचा अधिकार प्रांताला नव्हताच. मालकी ठरवायला फेरसुनावणीही सांगितली. ती कधी झालीच नाही!

फेब्रुवारी २०२० मध्ये ऑन्टारिओतल्या टायेंडिनागाजवळ मोहॉक आदिवासी या प्रमुखांच्या पाठिंब्यासाठी रुळांशेजारी ठाण मांडून बसले आणि टोरोंटो-मॉन्ट्रियल गाड्या बंद पडल्या. प्रवाशांचे हाल झाले, मान्य. पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात केंद्र आणि प्रांत सरकारने याच प्रमुखांशी त्यांचा हक्क मान्य करणारा सामंजस्य करार केला.